शेंदराआडचं हाड

शाळा मी दुसरीपर्यंत शिकलो. तेवढ्या भांडवलावर हे लिहितो आहे, तेव्हा काना-मात्रा चुकला तर वाचणाऱ्यानं आपल्या पदरचा घालून घ्यावा. घरातली माणसं म्हणतात, तुम्ही सांगा, आम्ही लिहून घेतो. मी म्हणालो, नको. पाय माझा मोडला होता, तुमचा नव्हे. दुपारी जेवण झाल्यावर चार ओळी लिहितो, मान दुखायला लागली की ठेवून देतो. असं बरेच दिवस चाललं आहे.

स्वातंत्र्य मिळून थोडी वर्षं झाली होती. पिंपरी म्हणजे तेव्हा नदीकाठचं गाव, आणि गावाला लागून निर्वासितांचा कॅम्प. मुंबईच्या रस्त्याला नुकते कारखाने उभे राहत होते. मशिनं नंतर यायची. आधी शेड उभी राहायची, आणि शेड उभी करणारे आम्ही. ठेकेदाराच्या टोळीत मी खलाशी होतो. खलाशी म्हटलं की लोकांना दर्या आठवतो. आमचा दर्या वर होता. लोखंडी खांब उभे करायचे, त्यावर कैच्या चढवायच्या, कैच्यांवर पत्रा. कैची म्हणजे छपराचा तिकोनी सांगाडा. ती दोरानं वर ओढून घ्यायची आणि वर बसलेल्या माणसानं खांबाला बोल्टानं आवळायची. वर बसलेला माणूस मी.

वीतभर रुंदीच्या तुळईवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायचं. धरायला काही नाही. खाली बघायचं नाही, पायाकडंही बघायचं नाही. पाय आपला आपण पडतो. आमच्या टोळीत माझ्याइतका मोकळ्या हातानं चालणारा दुसरा नव्हता. हे मी आजही म्हणणार. ज्याला पटत नसेल त्यानं पटवून घेऊ नये.

आणि पाय मोडला तो जमिनीवर. वरून मी कधी पडलो नाही, हे आधी लिहून ठेवतो, कारण गावात लोक आजही म्हणतात की हा कैचीवरून पडला होता. जेवणाची सुट्टी होती. गर्डर एकावर एक रचून ठेवले होते, त्यांच्या सावलीला मी भाकरी सोडून बसलो होतो. खालची पाचर निसटली आणि वरचा गर्डर घरंगळत आला. बाकीचे उठून पळाले. मी भाकरी उचलायला वाकलो तेवढाच उशीर झाला. उजवी नडगी मोडल्याचा आवाज वाळलेली तुरकाठी मोडावी तसा आला. दुखलं ते नंतर.

आमचा मुकादम मोठ्या तोंडाचा पण मनानं चांगला. त्यानं साहेबाची जीप आणवली. म्हणाला, "चल, पुण्याला इस्पितळात नेतो."

"न्हाई. तिथं कापत्यात."

"कापायला तू काय बोकड हायस व्हय?"

"मला मारुंजीला न्या."

मारुंजीला तेव्हा एक म्हातारा हाडं बसवायचा. पंचक्रोशीतल्या पैलवानांचे खांदे, पोरांचे हात, बैलांचे पाय, सगळं त्याच्याकडं. आमच्या घरात तीन पिढ्यांची हाडं त्यानं आणि त्याच्या बापानं बसवली होती. मुकादमानं डोक्याला हात लावला, पण माझ्या तोंडाला लागण्यापेक्षा त्याला बैलगाडी सोपी वाटली.

गाडीवाटेला प्रत्येक दगड माझ्या नडगीत घुसत होता. म्हाताऱ्यानं मला ओट्यावर आडवं केलं, डोळे मिटले आणि नडगीवरून बोटं फिरवली. तो हाड डोळ्यांनी बघायचाच नाही. म्हणायचा, डोळा फसतो, बोट फसत न्हाई. मग मला विचारलं, "बायकोचं माहेर कुठलं रं?" मी सांगायला तोंड उघडलं आणि त्यानं पाय ओढला. माझं तोंड उघडंच राहिलं.

नंतर लेप. उडदाचं पीठ, अंड्याचा बलक आणि त्यात म्हसोबाच्या अंगावरचा खरवडलेला शेंदूर, चांगला मूठभर. "हाडात देव बसला पायजे," म्हणाला. वर कापूस, फडकं, बांबूच्या कामट्या, वर परत फडकं. शेवटची गाठ मारताना त्यानं माझ्याकडं बघितलं.

"ही गाठ माझी. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्याचा हात लागला तर हाड फिरंल, मग माझ्याकडं येऊ नगंस."

मी शब्द दिला. माझ्यात दुसरं काही नसेल, पण दिलेला शब्द मी मोडत नाही.

त्यानंतर मी बाजेवर पडलो. काम करून माणूस थकतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पडून राहून त्याहून जास्त थकतो हे मला तेव्हा कळलं. सकाळी टोळीतली माणसं दारावरून जायची, "काय राव, बरं हाय न्हवं?" म्हणायची आणि थांबायची नाहीत. मी दिवसभर आढ्याकडं बघायचो. आढ्याच्या वाशांवरून मनातल्या मनात चालायचो. शेणानं सारवलेल्या जमिनीचा वास, बाजेच्या काथ्याचे वळ पाठीवर, आणि लेपाखाली अशी खाज की रडू यावं. बायको बाजरीचं देठ आत सरकवून खाजवायची. ती दोन जिवांची होती, तिलाही वाकवत नसे. एकमेकांशी बोलायलाही आम्हाला नको वाटायचं.

एक अमावास्या गेली, दुसरी गेली. मी काठी घेऊन अंगणात उभा राहायला लागलो. तेव्हा मुकादम आला. बसला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "भावा, तुझी जागा मी अजून धरून हाय. वर चढायला दुसरा मानूस घेतलेला न्हाई. पर नवीन साहेब आलाय. तो म्हनतो, हाड जुळलंय असं डॉक्टरनं लिहून दिलं तरच वर चढवायचा. एक्सरे काढून आन."

"एक्सरे म्हंजी?"

"फोटू. पुण्याच्या सरकारी इस्पितळात काढत्यात. आन लवकर काढ. कैच्या यायला लागल्यात, लई दिवस मला जागा धरता यायची न्हाई."

एवढं ऐकून बायको कामाला लागली. माझं धोतर धुतलं, टोपीला नीळ दिली, लग्नातला कोट काढून उन्हात टाकला. मी म्हणालो, पायाचा फोटो आहे, कोट कशाला? ती म्हणाली, "आवं, पाय काय एकटाच जानार हाय व्हय? मागं तुमी दिसनारच की. चारचौघांत बरं दिसावं."

मला हसू आलं नाही. तिचं म्हणणं मला बरोबरच वाटलं. मी कोट घालून गेलो.

पॅसेंजरनं पुण्याला आणि पुढं टांग्यानं. इस्पितळात ज्या खोलीत फोटो काढायचे तिच्याबाहेर लांब बाक होतं आणि बाकावर मोडलेली माणसं. एका बाईच्या कडेवरच्या पोरानं पैसा गिळला होता. एका पैलवानाचा खांदा निखळला होता, तो खांदा धरून बसला होता आणि सगळ्यांना शिव्या देत होता. बाई म्हणाली, पैसा कुठं अडकलाय ते यंत्र बघतं. पैलवान म्हणाला, "यंत्राला पैसा बरोबर दिसतो. सरकारी हाय ना."

आत फोटो काढणारा माणूस सिंधी होता, आमच्याच पिंपरीच्या कॅम्पात राहणारा. रोज गाडीनं यायचा जायचा. जाडाभरडा काळा झगा घातलेला, चालताना वाकायचा एवढा तो झगा जड. माझा कोट बघून म्हणाला, "अरे साईं, लगीन आहे काय?"

"फोटू हाय म्हनलं."

"हा फोटो आतल्या माणसाचा. कोट उतार."

त्यानं भिंतीला टांगलेल्या काळ्या काचा दाखवल्या. काचा नव्हत्या, वाकणाऱ्या होत्या, पण तशाच दिसत. एकीत हाताचा पंजा होता. मांस म्हणजे नुसता धूर, आणि त्या धुरात बोटांची हाडं पांढरी, पेरापेरांची. एका बोटाच्या हाडाभोवती अंगठी तरंगत होती, हाडाहूनही पांढरी. मी बराच वेळ त्या पंजाकडं बघितलं. माणूस जिवंत असताना त्याचं हाड दिसणं मला बरं वाटलं नाही. आमच्यात हाड बघतात ते तिसऱ्या दिवशी, राख सावडताना.

तो म्हणाला, "किरण मांसातून जातं, म्हणून मांस काळं. हाडात अडकतं, म्हणून हाड पांढरं. लोखंड, सोनं, शिसं, ह्यातून जातच नाही, ते एकदम पांढरं. चल, फडकं सोड."

"सोडायचं न्हाई."

"मग फोटो?"

"तुमचं यंत्र कातड्यातनं बघतं म्हनता. मग फडक्यातनं बघायला काय झालं? फडकं काय कातड्याहून जाड हाय?"

त्यानं डोकं खाजवलं. "बरोबर आहे. फडकं, बांबू, काही हरकत नाही. झोप."

मला वाटलं, जिंकलो. गार लोखंडी टेबलावर झोपलो, पायाखाली त्यानं एक चपटी पेटी सरकवली, वरचं यंत्र खाली ओढलं. "हलू नको," म्हणून पडद्याआड गेला. घूं असा आवाज झाला. संपलं. मी विचारलं, कधी काढणार? तो म्हणाला, काढला.

फोटो वाळल्यावर डॉक्टरांच्या खोलीत बोलावलं. डॉक्टर तरुण, चष्मा, बोलायला घाईचे. भिंतीवर मागून दिवा लावलेली काच होती, तिच्यावर माझा पाय टांगला होता. वर गुडघा दिसत होता, खाली घोटा दिसत होता. मधे जिथं मोडलं होतं तिथं पांढरा डाग. चुना फासावा तसा. हाड त्या चुन्यामागं गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, "ह्यात मला काहीच दिसत नाही. काय लावलंय पायाला?"

"औषीद."

"कसलं?"

"देवाचं."

"देवाचं म्हणजे काय, नाव सांग."

"शेंदूर."

डॉक्टर सिंध्याकडं बघायला लागले आणि सिंधी हसायला लागला. स्वतःच्या त्या जड झग्यावर थाप मारून म्हणाला, "साईं, ह्या झग्यात शिसं आहे, किरण अडवायला. तुझ्या शेंदरात पण शिसं. तू पायाला झगा घातलाय!"

बाहेरच्या बाकावर ते ऐकू गेलं. पैलवान खांदा धरून हसला आणि दुखलं म्हणून ओरडला.

डॉक्टर म्हणाले, "सोडा ते सगळं, धुवा आणि परत काढा."

"न्हाई. बांधनाऱ्याशिवाय कुनी सोडायचं न्हाई."

"अहो, दोन मिनिटांचं काम आहे."

"असंल."

"मग मी चिठ्ठी कशी देऊ? न बघता लिहू, हाड जुळलं म्हणून? उद्या वरून पडलात तर?"

"मी पडत न्हाई."

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. तेही दमलेले होते, आता मला कळतं. म्हणाले, "मग त्या बांधणाऱ्याला घेऊन या. नाहीतर येऊ नका." फोटो मात्र दिला. माझ्याच पायाचा, कोणाच्या कामाचा नसलेला.

दुसऱ्या दिवशी परत बैलगाडी, परत मारुंजी. मुकादमाचे दिवस सरत होते आणि मी गाडीवाटेला हाडं खिळखिळी करत होतो. म्हाताऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो चिडेल. तो खूश झाला.

"म्हंजी म्हसोबानं यंत्र आंधळं केलं म्हन की!"

"केलं खरं. पर माझं काम अडलं, बाबा."

त्यानं फोटो मागितला. उन्हाकडं धरला, उलटा धरला, मग सुलटा. वरचा गुडघा आणि खालचा घोटा बोटानं चाचपला, जशी काही त्या कागदातली हाडं बोटाला लागणार होती. मग म्हणाला, "उभ्या जन्मात हाडं बसवली मी. हाड बघितलं न्हाई कधी. मेल्या मानसाचं बघितलं. जित्याचं न्हाई." आणि आत जाऊन घोंगडं खांद्यावर टाकून आला. "चल. मी येतो. मला बघायचंय माझं काम."

पुण्याला जाताना तो गाडीत खिडकीशी बसला आणि प्रत्येक स्टेशनावर विचारत राहिला, आलं का. दापोडीला कारखान्याची शेड दिसली. मी म्हणालो, ती आमी उभी केली. तो म्हणाला, "लोखंडाची हाडं बरी. एकदा बसली की बसली."

इस्पितळात डॉक्टर त्याला आत घेईनात. "वैदू लोकांना इथं परवानगी नाही."

म्हातारा दारात उभा राहून म्हणाला, "डागतर, मी वैदू न्हाई. गाठ माझी हाय, ती सोडतो आन बाजूला बसतो. तुमच्या खुर्चीवर बसायला आलो न्हाई."

सिंध्यानं हळूच सांगितलं, साहेब, दहा मिनिटं, नाहीतर हा माणूस हे फडकं घेऊनच मरेल. डॉक्टर नुसतं हो म्हणून हात हलवून गेले. म्हाताऱ्यानं टेबलावर माझा पाय घेतला, गाठ सोडली, कामट्या काढल्या. लेप सुकून पापुद्रा झाला होता. त्यानं गोडं तेल लावून तो काढला, मग ओल्या फडक्यानं पुसला, परत पुसला. पाय बारीक झाला होता, दुसऱ्या कोणाचा असावा तसा. सिंध्यानं परत पेटी सरकवली, परत घूं.

या वेळी फोटो स्वच्छ आला. म्हातारा डॉक्टरांच्या आधी त्या दिव्याच्या काचेसमोर जाऊन उभा राहिला. नडगीचं हाड वरून खाली सरळ आलं होतं, ओळंब्यात खांब असावा तसं. आणि जिथं मोडलं होतं तिथं बाकीच्या हाडाहून जास्त पांढरं, ठसठशीत.

"बघा!" म्हातारा म्हणाला. "बाकीच्या हाडापरास तिथं पक्कं झालंय. बघा कसं पांढरं फेक पडलंय!"

मीही बघितलं. माझी छाती भरून आली. मनात म्हणालो, उद्या मी वर. मी डॉक्टरांकडं असं बघितलं की आता बोला.

डॉक्टर काचेजवळ आले. बोटानं त्या पांढऱ्या जागेवर टकटक केलं आणि सिंध्याला म्हणाले, "बाजूनं काढा."

"कशाला?" मी म्हणालो. "सरळ तर हाय."

"समोरून सरळ आहे. खांबामागं खांब उभा केला तर समोरून किती दिसतात?"

मी खलाशी. मला त्याचं उत्तर विचारायची गरज नव्हती. एक दिसतो. मला तेव्हाच कळलं. म्हाताऱ्याला अजून कळलं नव्हतं, तो त्या पांढऱ्या जागेकडं बघतच होता.

मला कुशीवर झोपवून बाजूनं फोटो काढला. वाळेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. म्हाताऱ्यानं चंची काढली, पान लावलं, मला दिलं. मला खाववलं नाही.

बाजूच्या फोटोत हाडाची दोन टोकं समोरासमोर नव्हती. वरचं टोक पुढं, खालचं मागं, एकमेकांवरून बोटभर सरकून गेलेली, आणि त्यांच्या मधे ढगासारखं नवं हाड धरलेलं. समोरून बघताना जे जास्त पांढरं दिसत होतं ते पक्कं हाड नव्हतं. एकामागं एक दोन हाडं होती.

डॉक्टर आता हळू बोलत होते. "जुळलं आहे. मोडणार नाही, चालाल, कष्ट कराल. पण पाय बोटभर आखूड राहील. पाहिजे तर आम्ही हे परत मोडून समोरासमोर आणून प्लास्टर घालू. परत तितकेच महिने. सरळ होईल असं वाटतं. नको असेल तर मी लिहून देतो, जमिनीवरच्या कामाला लायक. उंचीवरचं नाही."

मी म्हाताऱ्याकडं बघितलं. तो फोटोच्या अगदी जवळ गेला होता. मग त्यानं डोळे मिटले आणि हवेतच नडगीवरून बोटं फिरवली, पुढून, आणि मग मागून. मागून फिरवताना थांबला.

"सूज व्हती," म्हणाला. "मागनं मांस लई. बोट पोचलं न्हाई."

तो माझ्याकडं वळला. "डागतर म्हंत्यात त्यात दम हाय. मोडून घे, लेकरा. मी बांधलेलं सोडलंय, आता माझा शब्द तुझ्यावर न्हाई."

"न्हाई," मी म्हणालो.

"आरं, म्हातारा व्हशील या पायानं."

"व्हईन."

लोक समजतात, मी म्हाताऱ्याची अब्रू राखायला नाही म्हणालो. तसं नव्हतं. हट्ट होता म्हणावं तर तोही थोडाच. खरं म्हणजे मला बाजेवर परत झोपायचं नव्हतं. ते आढं, तो काथ्या, दारावरून जाणारी माणसं, सगळं परत पहिल्यापासून. एकदा मोडलेलं हाड सगळं कळत असताना परत मोडायला द्यायचं, एवढं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मला चिठ्ठी पाहिजे होती आणि घरी जायचं होतं.

घरी बायकोला सांगितलं. ती चुलीपुढं होती. फुंकणी खाली ठेवून म्हणाली, "मला इचारायचं तरी."

"पाय माझा हाय."

"पाय तुमचा हाय. घर दोगांचं हाय." आणि परत फुंकायला लागली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

कामावर गेलो तेव्हा मुकादमानं चिठ्ठी वाचून घेतली, एका शिकलेल्या कारकुनाकडून. ऐकताना माझ्या पायाकडं बघत होता. म्हणाला, "वर न्हाई म्हनं."

"लिहिनाराला काय ठावं? तो कधी वर चढलाय का?"

"राव, साहेब मला..."

"साहेब आज आलेला न्हाई. तू तिकडं बघ."

टोळीतली सगळी थांबली होती. मी शिडी धरली आणि चढलो. चढायला काही झालं नाही, हातात जोर होता. खांबाच्या माथ्यावर पोचलो. तिथं उभा राहिलो. नदी दिसत होती, कॅम्पाचे पत्रे चमकत होते, रेल्वेचे रूळ दिसत होते. वारा तोच. मी हात सोडले आणि तुळईवर पाय टाकला.

डावा पडला. उजवा टाकला आणि तुळई तिथं नव्हती. म्हणजे होती, पण बोटभर खाली. पायाला ठाऊक असलेल्या जागेच्या खाली. माझ्या पायानं लोखंड शोधलं. सगळ्या आयुष्यात माझ्या पायानं लोखंड कधी शोधलं नव्हतं. पुढचं पाऊल टाकायला मी खाली बघितलं. आणि खलाशी एकदा पायाकडं बघायला लागला की संपलं, हे मी दुसऱ्यांना कितीदा सांगितलं होतं.

तुळईवर बसलो. बसूनच मागं सरकत खांबापर्यंत आलो आणि शिडीनं उतरलो. माझा मीच उतरलो, कोणी उतरवलं नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो. आमच्यातला सगळ्यात तरुण खलाशी पुढं झाला, त्यानं माझ्याकडं न बघता पाना कमरेला खोचला आणि माझ्या जागेवर चढायला लागला. मुकादमानं तंबाखू मळली, अर्धी मला दिली, आणि कैचीला बांधलेल्या दोराचं मोकळं टोक माझ्या हातात दिलं.

मी दोर तळव्याला एक वेढा देऊन धरला. वरून त्यानं हाक दिली, "वढा!"

मी वढलं.